निवाऱ्याचे दुसरे दार

शाळेच्या, महाविद्यालयाच्या किंवा कचेरीच्या आवारात वावरणारा एक तरी कुत्रा कोणाही शिक्षकाच्या, कारकुनाच्या अथवा विद्यार्थ्याच्या ओळखीचा असतो. त्याचे नाव हजेरीपटावर नसते. परंतु उपाहारगृह उघडण्याची वेळ, सुट्टीच्या दिवसांतील सामसूम आणि शिपायाच्या डब्यातील भाकरीचा वास यांची नोंद त्याच्यापाशी चोख असते. कोणी त्याला मोत्या म्हणते, कोणी काळू. कोणी पावाचा तुकडा टाकते, कोणी दगड उगारते. तो कोणा एकाचा नसतो, म्हणून तो सर्वांचाच आहे असे समजून प्रत्येक जण निश्चिंत राहतो.

या निश्चिंतीला ७ नोव्हेंबर २०२५ रोजी धक्का बसला. शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आगारे आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री उचलावीत, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी आणून सोडू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी दिला. त्याच वर्षी ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील कुत्र्यांविषयी दिलेला कडक आदेश आणि २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात केलेला बदल यांची चर्चा देशभर झाली होती. एका बाजूने प्राणिमित्र हळहळले, दुसऱ्या बाजूने चावा सोसलेल्या मुलांच्या आईबापांनी सुटकेचा निःश्वास टाकला. या गदारोळात २२ ऑगस्टच्या आदेशातील एक वाक्य मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटले. ज्यांना इच्छा असेल त्यांनी महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रा दत्तक घ्यावा. त्या कुत्र्यास खुणेचा बिल्ला बांधून अर्जदाराच्या स्वाधीन करण्यात येईल. तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी मात्र अर्जदाराची राहील, अशी मुभा न्यायालयाने दिली होती.

कुत्र्यांना निवाऱ्यात आणण्याचे दार कोणते, याचा विचार सर्वांनी केला. ती तेथून बाहेर पडावयाची कोणत्या दाराने, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. वस्तुतः साऱ्या व्यवस्थेचे यशापयश या दुसऱ्या दारावरच अवलंबून आहे, आणि ते दार सरकारला उघडता येत नाही. ते सामान्य कुटुंबाच्या घराचेच दार असते.

पांजरपोळ आणि निवारा

मुंबई परिसराला हा प्रश्न नवा नाही. १८३२ साली मुंबईच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम उघडली आणि दर कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस लावले. बक्षिसाचा लोभ सुटल्यावर मारणाऱ्यांना भटका कुत्रा आणि घरचा कुत्रा हा भेद दिसेनासा झाला. त्या जूनमध्ये कोटातील पारशी समाज खवळून उठला, दुकाने बंद पडली, दंगल झाली आणि लष्कर बोलावण्याची पाळी आली. एरवी सरकारशी सलोख्याने वागणारा हा समाज कुत्र्यांसाठी रस्त्यावर उतरावा, याचे त्या काळच्या राज्यकर्त्यांना मोठे नवल वाटले असले पाहिजे. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि त्यांच्या बरोबरीच्या गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी संस्था स्थापन झाली आणि १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय सुरू झाले.

पांजरपोळाची कल्पना उदात्त होती; तिचा हिशेब मात्र वेगळा होता. म्हातारी गाय, लंगडा बैल, अपंग घोडा यांना मरेपर्यंत सांभाळावयाचे, एवढेच पांजरपोळाचे काम. तेथे आलेले जनावर तेथेच राहावयाचे. त्यामुळे दात्यांच्या देणगीने जेवढ्या जागा निर्माण होतील तेवढीच जनावरे तेथे मावत. आजचा प्राणिनिवारा ही निराळी संस्था आहे. तो मुक्कामाचा गाव नव्हे, वाटेवरची धर्मशाळा आहे. जखमी वा टाकून दिलेला जीव यावा, बरा व्हावा, माणसाळावा आणि कोणाच्या तरी घरी जावा, हे तिचे प्रयोजन. १८६० साली लंडनमध्ये स्थापन झालेले आणि १८७१ मध्ये बॅटरसी येथे स्थलांतरित झालेले श्वानगृह हे या प्रकारचे एक जुने व प्रसिद्ध उदाहरण होय. धर्मशाळेत उतारू कायमचे राहू लागले की नव्या उतारूंना उंबऱ्याबाहेर झोपावे लागते. आपल्याकडील अनेक निवाऱ्यांचे आज हेच होऊ लागले आहे.

एक साधे गणित

समजा, एखाद्या निवाऱ्यात ६० कुत्र्यांची सोय आहे. आलेला प्रत्येक कुत्रा सरासरी ३० दिवसांत नव्या घरी गेला, तर त्या ६० जागांतून वर्षभरात सुमारे ७३० जीवांची सोय लागते. मुक्काम सहा महिन्यांवर गेला, तर तोच आकडा १२० वर उतरतो. आणि एकही कुत्रा बाहेर गेला नाही, तर पहिल्या ६० नंतर फाटक बंद! पिंजरे तेच, नोकर तेच, भाताचे पातेलेही तेच. फरक फक्त दुसऱ्या दाराचा. अर्थशास्त्रात साठा आणि प्रवाह यांतील भेद शिकविताना पाण्याच्या टाकीचा दाखला देतात. टाकी कितीही मोठी बांधली आणि तिचा खालचा नळ बंद ठेवला, तर ती एक दिवस भरून वाहणारच.

या गणितातून निघणारा निष्कर्ष भावनेच्या आहारी न जाणाऱ्या माणसालाही पटण्यासारखा आहे. निवाऱ्यातून एक कुत्रा वा एक मांजर घरी आणणारे कुटुंब एकाच जिवाला आश्रय देत नाही. त्याने मोकळी केलेली जागा दुसऱ्या दिवशी रस्त्यावर मोटारीखाली सापडलेल्या दुसऱ्या जिवाला मिळते. उलटपक्षी, उत्साहाच्या भरात नेलेला कुत्रा महिनाभराने परत आणून सोडणारे कुटुंब एकदम दोन जागा अडविते. परत आलेला प्राणी अधिक बुजलेला असतो आणि त्याला दुसरे घर मिळणे पहिल्यापेक्षा अवघड होते. १९७८ साली ब्रिटनमधील एका श्वानसंस्थेने 'कुत्रा नाताळापुरता नसतो, जन्माचा असतो' या आशयाची घोषणा तयार केली ती याच अनुभवातून. आपल्याकडे नाताळाच्या जागी मुलांचा वाढदिवस आणि उन्हाळ्याची सुट्टी घातली की झाले.

आखीव शहर, अनाहूत रहिवासी

नवी मुंबई हे नियोजनाचे अपत्य आहे. १९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील गावांच्या जमिनी घेण्यात आल्या आणि खाडीकाठच्या भातशेतीवर व मिठागरांवर क्रमांकांची नगरे उभी राहिली. शाळा कोठे, बाजार कोठे, स्थानक कोठे, स्मशान कोठे, हे सारे नकाशावर आधी ठरले. मात्र ज्या आगरी-कोळी गावांच्या सभोवती ही नगरे वाढली त्या गावांत कुत्रा हा व्यवस्थेचाच भाग होता. दिवाळे, करावे, घणसोली यांसारख्या गावांत रात्री होडीवरून परतणाऱ्याला ओळखणारा आणि परक्यावर भुंकणारा कुत्रा एका घरचा नसला तरी आळीचा असे. मासळीचे डोके आणि उरलेला भात हे त्याचे वेतन. आळी गेली, सेक्टर आला. कुत्रा मात्र राहिला आणि त्याचे वेतन कचराकुंडीवर ढकलले गेले. बाजार समितीचा परिसर, मासळीबाजार, खाद्यपदार्थांच्या गाड्या यांच्या उकिरड्यांनी त्याची संख्या पोसली. जेथे अन्न उघड्यावर पडते तेथे तोंडे जमतात, हा नियम माणसांच्या वस्तीइतकाच कुत्र्यांनाही लागू आहे.

उद्योगनगरी आणि मुके जीव यांचा संबंध किती निकटचा आहे हे २०१७ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या जगाने पाहिले. तळोजा औद्योगिक वसाहतीत काही भटकी कुत्री चक्क निळ्या रंगाची दिसू लागली. एका कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रंगाचा तो परिणाम होता. स्थानिक प्राणिमित्रांच्या गटाने तक्रार केली, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कारखान्यावर कारवाई केली आणि कासाडी नदीच्या प्रदूषणाचा जुना प्रश्न नव्याने चर्चेत आला. नदीच्या पाण्याविषयी वर्षानुवर्षे ओरड होत होती. पण निळ्या कुत्र्याने जे एका दिवसात साधले ते शेकडो अर्जांना साधले नव्हते. त्या मुक्या साक्षीदारांचे ऋण या शहरावर आहे असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

या शहरात अनाहूत प्राण्यांचा आणखी एक वर्ग गेल्या काही वर्षांत दिसू लागला आहे. तो म्हणजे जातिवंत म्हणून विकत घेतलेल्या आणि नंतर टाकून दिलेल्या कुत्र्यांचा. बर्फाळ प्रदेशासाठी घडलेली हस्कीसारखी दाट केसांची जात खाडीकाठच्या दमट हवेत आणावयाची, तिच्यासाठी हजारो रुपये मोजावयाचे, आणि केस गळू लागले, कातडीला रोग झाला, अथवा बदलीचा हुकूम आला की महामार्गाच्या कडेला मोटारीचे दार उघडावयाचे, असा हा प्रकार. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पाळीव प्राण्यांपासून साथ पसरते या निराधार भीतीनेही घरच्या प्राण्यांना रस्ता दाखविण्यात आला, आणि तसे करू नये म्हणून भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाला सूचना काढावी लागली. गावठी कुत्रा निदान रस्त्यावर जगण्याचे शास्त्र जाणतो. वाडग्यातून खाण्याची सवय झालेल्या जातिवंत कुत्र्याला ते ज्ञानही नसते.

किंमत आणि मोल

बाजारात ज्याला किंमत आहे त्यालाच मोल आहे, असा समज मध्यमवर्गात खोल रुजला आहे. वीस-पंचवीस हजारांचे पिलू घरात आले की शेजारी कौतुकाने पाहावयास येतात. निवाऱ्यातून फुकट आणलेल्या तपकिरी कुत्र्याकडे पाहून 'हा कुठून उचलून आणला?' असा प्रश्न येतो. या समजामागील व्यापाराचे स्वरूप मात्र फारसे कोणी पाहत नाही. पिलांच्या मागणीसाठी माद्यांना वारंवार व्यायला लावणे, आईपासून पिले अकाली तोडणे, जवळच्या नात्यांतील संकरामुळे जन्मजात व्याधी पसरविणे, हे या धंद्यातील नित्याचे दोष आहेत. त्यांना आळा घालण्यासाठीच २०१७ मध्ये केंद्र सरकारने श्वानपैदाशीचे नियम केले. पैदास करणाऱ्यांना नोंदणीची सक्ती झाली आणि आठ आठवड्यांखालील पिलांच्या विक्रीस बंदी आली. नियम झाले खरे; परंतु ग्राहक डोळे मिटून घेत राहील तोवर नियमांचे हात तोकडेच राहणार.

याउलट जो गावठी म्हणून हिणविला जातो तो कुत्रा या हवामानाच्या कसोटीतून शेकडो पिढ्या पार पडून आलेला असतो. त्याचे आखूड केस येथील उकाड्याला मानवतात. मिळेल ते अन्न पचविण्याची ताकद त्याच्यात असते. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत तर आणखी एक सोय आहे. पिलू पुढे कसे निघेल हे सांगता येत नाही. पण तीन-चार वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव निवाऱ्यातील कार्यकर्त्यांना पाठ असतो. तो मुलांत रमतो की बुजतो, मांजर पाहून धावतो की मान फिरवतो, एकटा राहतो की रडतो, हे विचारून घेता येते. तरीही निवाऱ्यात येणारे लोक थेट पिलांच्या खोलीकडे वळतात, आणि कोपऱ्यात बसून प्रत्येक पावलाच्या आवाजाला कान टवकारणारा प्रौढ कुत्रा वर्षानुवर्षे तेथेच राहतो. तीन पायांचा वा एक डोळा गेलेला असेल तर त्याच्याकडे पाहून चुकचुकण्यापलीकडे कोणी जात नाही.

ही दृष्टी बदलण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९८५ साली मुंबईत स्थापन झालेली 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' ही संस्था रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या उपचारांबरोबर त्यांना घरे मिळवून देण्याचे कामही करीत आली आहे. 'वर्ल्ड फॉर ऑल' या संस्थेने दत्तक-मेळावे भरवून शेकडो कुत्र्या-मांजरांना कुटुंबांच्या भेटीस आणले. २०१७ मधील या संस्थेच्या जाहिरात-चित्रांत माणसांच्या दोन आकृत्यांमधल्या रिकाम्या जागेतूनच कुत्र्या-मांजराचा आकार उमटलेला दिसे. घरात आणखी एकासाठी जागा असते, एवढाच त्याचा अर्थ.

खरा खर्च कोणता?

जागा असते हे खरे. परंतु ती किती वर्षांसाठी द्यावयाची आहे, हे आधी ठरवावे लागते. निवाऱ्यातील प्राणी फुकट मिळतो ही समजूत जितकी लोकप्रिय तितकीच फसवी आहे. कुत्र्याच्या खाण्यापिण्यावर आणि औषधपाण्यावर मिळून दिवसाला केवळ ५० रुपये धरले, तरी वर्षाचे १८,२५० आणि बारा वर्षांचे २,१९,००० रुपये होतात. पुढची महागाई यात धरलेलीच नाही. पैशाहून वेळेचा हिशेब कडक आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून रोज एक तास फिरविण्याचा धरला, तर बारा वर्षांत ४,३८० तास होतात. पनवेल-ठाणे वा बेलापूर-छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असा प्रवास करून रात्री आठला घरी पोहोचणाऱ्या नोकरदार दांपत्याने हा आकडा मुलांच्या हट्टापुढे मान तुकविण्याआधी कागदावर मांडून पाहावा. मांजराला फिरवावे लागत नाही. पण खिडक्यांना जाळी बसवावी लागते, कारण सहाव्या मजल्यावरून कबुतरामागे झेप घेणारे मांजर गुरुत्वाकर्षणाचा विचार करीत नाही.

खर्चाखेरीज प्रसंगांचीही यादी करावी लागते. गणपतीला आणि शिमग्याला कोकणात जाणाऱ्या कुटुंबाने कुत्रा कोठे ठेवावयाचा? गावाला न्यावयाचा, तर गाडीत त्याला घेतील का? शेजारी सांभाळतील का? पावसाळ्यात गोचिड्या वाढतात आणि त्यांच्यापासून होणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेततो. तेव्हा आठवड्याला अंग तपासणार कोण? दिवाळीच्या फटाक्यांनी भेदरलेला कुत्रा उघड्या दारातून पळत सुटतो आणि हरवतो, म्हणून त्या आठवड्यात दाराची कडी कोणाच्या जिम्मेस? सून बाळंतपणाला येणार, वडिलांना दमा आहे, मुलगा पुढच्या वर्षी पुण्याला शिकायला जाणार, या गोष्टी निवाऱ्याच्या अर्जात नसल्या तरी घरातील प्रत्येकाच्या तोंडून त्या आधी निघालेल्या बऱ्या. घरातील एका माणसाचा जरी मनापासून विरोध असेल, तर त्या घरी प्राणी नेऊ नये, हा निवाऱ्यातील अनुभवी कार्यकर्त्यांचा सल्ला कठोर वाटला तरी शहाणपणाचा आहे.

चांगला निवारा म्हणूनच लगेच प्राणी हाती देत नाही. ओळखपत्र, राहत्या घराचा पुरावा, भाड्याचे घर असल्यास मालकाची संमती, घरभेट, निर्बीजीकरणाचे व लसीकरणाचे लेखी वचन, असे अनेक सोपस्कार असतात. 'आम्ही उपकार करायला आलो आणि हे आमचीच उलटतपासणी घेतात,' अशी तक्रार त्यावर होते. मुलगी देताना घर पाहणाऱ्या बापावर कोणी अशी तक्रार करीत नाही. दत्तक हा शब्द मराठीत फार जबाबदारीचा आहे. दत्तकपुत्राला घराण्याचे नाव आणि घराण्याचे देणे दोन्ही मिळते. आवडला नाही म्हणून त्याला परत धाडण्याची रीत नाही.

घरी आल्यावरचे पहिले दिवस कसोटीचे असतात. तीन दिवस भीती, तीन आठवडे सवय आणि तीन महिने विश्वास, असा एक ठोकताळा कार्यकर्ते सांगतात. पलंगाखाली शिरून बसलेला, दोन वेळचे अन्न न शिवलेला, झाडू दिसताच अंग चोरणारा कुत्रा पाहून 'हा वेडा तर नाही?' असे वाटू लागते. त्याला झाडू दिसलेला नसतो. झाडूमागचा मागचा कोणी माणूस दिसलेला असतो. त्या काळात पाहुण्यांना बोलावून कौतुक दाखविण्याऐवजी त्याला एकटे सोडले, एकाच वेळी एकाच जागी अन्न दिले आणि आवाज चढविला नाही, तर एके संध्याकाळी तो आपण होऊन येतो आणि पावलांवर हनुवटी टेकतो. त्या क्षणाचे मोल कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही.

आक्षेपांचा विचार

या सर्व विवेचनावर एक आक्षेप हमखास येतो. माणसांना घरे नाहीत, तेथे कुत्र्यांची काळजी कशाला? आक्षेप प्रामाणिक असेल तर त्याचे उत्तर दिले पाहिजे. भटक्या कुत्र्यांचा उपद्रव मोटारीतून फिरणाऱ्यांना होत नाही. पहाटे दूध टाकणारा मुलगा, रात्रपाळीवरून चालत येणारा कामगार, झोपडपट्टीच्या तोंडाशी खेळणारी पोर यांना तो होतो. २०२४ या एका वर्षात देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. अलर्क रोगाने जगात दरवर्षी मरणाऱ्या सुमारे ५९,००० माणसांपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतातील असतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कुत्र्याची नीट व्यवस्था लावणे हे गरिबाच्या मुलाच्या सुरक्षिततेचेच काम आहे. दया आणि सुरक्षितता यांना एकमेकींविरुद्ध उभे करणारा वाद म्हणूनच निष्फळ आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि एकट्या महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री मोजली गेली. एवढ्यांना घरे कोण देणार? कोणीही नाही, हे स्पष्टपणे मान्य करावयास हवे. दत्तक घेणे हा निर्बीजीकरणाला व लसीकरणाला पर्याय नाही. शेजारच्या गोव्यात २०१४ नंतर कुत्र्यांच्या सामुदायिक लसीकरणाची जी सातत्यपूर्ण मोहीम राबविली गेली, तिच्यामुळे अलर्क रोगाने होणारे मानवी मृत्यू थांबविण्यात त्या राज्याला यश आले. ते यश लशीचे आणि चिकाटीचे होते. तथापि ज्यांना रस्त्यावर परत सोडता येत नाही, म्हणजे अपंग, टाकून दिलेले, अगदी कोवळे, अथवा न्यायालयाच्या आदेशाने जागा गमावलेले, अशांचा प्रश्न लशीने सुटत नाही. त्यांची संख्या कोटींत नाही. ती शहराच्या आवाक्यातील आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष करण्याला सबब उरत नाही.

तिसरी अडचण गृहनिर्माण संस्थांची. सीवूड्समधील एका मोठ्या गृहसंकुलात कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून सुरू झालेला वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. पाळीव प्राणी ठेवण्यावर संस्थेला बहुमतानेही सरसकट बंदी घालता येत नाही, असे जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले होते. पण हक्काची भाषा बोलणाऱ्याने कर्तव्याचाही पाढा म्हटला पाहिजे. जिन्यात साखळी, उद्वाहनात शेजाऱ्याला प्राधान्य, रस्त्यावरची घाण स्वतःच्या हाताने उचलणे आणि दरवर्षीची लस, ही चार पथ्ये पाळणारा एक श्वानपालक संस्थेचे जेवढे मतपरिवर्तन करतो तेवढे दहा नोटिसांनी होत नाही.

कोणी काय करावे?

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा आला. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा त्यात गुन्हा ठरविला गेला; परंतु पहिल्या गुन्ह्यासाठी दंड ठरला तो किमान १० आणि कमाल ५० रुपये. १९६० साली ५० रुपयांत कारकुनाच्या घरी कित्येक दिवसांचा किराणा येत असे. रुपयाची किंमत घसरत गेली, दंडाचा आकडा मात्र दशकानुदशके तसाच राहिला. पंचवीस हजारांचा कुत्रा टाकून देणाऱ्याला पन्नास रुपयांची भीती वाटेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

तेव्हा नगरपालिका आणि नागरिक यांच्याकडेच वळावे लागते. नवी मुंबई आणि पनवेल या दोन्ही महापालिकांनी निवाऱ्यात व निर्बीजीकरण केंद्रांत असलेल्या, घरी नेण्याजोग्या प्राण्यांची नोंदवही छायाचित्रांसह लोकांपुढे ठेवावी. महिन्यातून एक रविवार वाशी, नेरूळ, खारघर येथील उद्यानांत दत्तक-मेळावा भरवावा. दत्तक दिलेल्या प्राण्याची पहिली लस व शस्त्रक्रिया विनामूल्य करावी आणि सहा महिन्यांनी घरी जाऊन चौकशी करावी. नवा पिंजरा बांधण्यापेक्षा हे स्वस्त आहे. वसतिगृहात वा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने कुत्रा दत्तक घेऊ नये, कारण दोन वर्षांनी त्याचाच पत्ता बदलणार. परंतु निवाऱ्यात आठवड्याचे दोन तास देऊन बुजलेल्या कुत्र्याला माणसाच्या हाताची सवय लावणे त्याला शक्य आहे, आणि त्या सवयीनेच त्या कुत्र्याला घर मिळण्याचा संभव वाढतो. ज्या निवृत्त शिक्षकाला बारा वर्षांची हमी देववत नाही, त्याने आठ-नऊ वर्षांचा म्हातारा कुत्रा न्यावा. दोघांच्याही चालण्याचा वेग जुळतो.

न्यायालयाचे आदेश पुढे कोणताही आकार घेवोत, महाविद्यालयाच्या आवारातील त्या मोत्याचा प्रश्न शेवटी तेथील माणसांपुढेच येणार आहे. पकडणारी गाडी आली म्हणजे विद्यार्थी हळहळतील, उपाहारगृहाचा चालक दोन दिवस त्याची आठवण काढील आणि आवार शांत होईल. तो मात्र निवाऱ्याच्या पिंजऱ्यात प्रत्येक पावलाच्या आवाजाला कान टवकारीत बसेल; कारण दहा वर्षे ज्यांच्या पावलांचा आवाज त्याने ओळखला त्यांपैकी कोणी तरी येईल, एवढेच त्याला ठाऊक असते. दोनशे-तीनशे माणसांचा तो कुत्रा त्यांतील एकाचा होऊ शकला, तर त्याला पिंजरा लागणार नाही आणि पिंजऱ्यातील ती जागा तळोज्याच्या रस्त्यावर विव्हळणाऱ्या दुसऱ्याला मिळेल. दोनशे-तीनशे घरांतून एक दार उघडावे, ही मागणी फार मोठी नाही.